पातालपाणीच्या घाटात पुन्हा वाफेचे इंजिन हवे: रेल्वेमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय रेल्वेमंत्री, भारत सरकार

महोदय, सविनय नमस्कार.

इंदूरजवळच्या घाटातला पातालपाणी ते कालाकुंड हा मीटरगेजचा (दोन रुळांत एक मीटर अंतर असलेला) तुकडा रेल्वेने वारसा म्हणून राखला आणि डिसेंबर २०१८ पासून त्यावर गाडी सुरू केली, याबद्दल आम्ही इंदूरकर आपले ऋणी आहोत. पण ती गाडी डिझेल इंजिन ओढते. या घाटात वाफेचे इंजिन चालावे, ही आमची मागणी आहे.

आपल्याच खात्याने तामिळनाडूतल्या निलगिरी डोंगरी रेल्वेवर हे करून दाखवले आहे. त्या रेल्वेची कल्पना १८५४ ची, काम सुरू झाले १८९१ मध्ये. गाडी कुन्नूरला पोचली १८९९ साली आणि उटीला १९०८ साली. कल्लारपुढे चढ असा, की बारा फूट पुढे जाताना गाडी एक फूट वर चढते. नुसत्या रुळावर चाक तिथे घसरणारच. म्हणून रोमान आब्ट या स्विस अभियंत्याच्या पद्धतीने दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्ट्यांची जोडी बसवली. दोन्ही पट्ट्यांचे दाते मागेपुढे ठेवलेले, त्यामुळे इंजिनाच्या दातेरी चाकांची पकड सुटत नाही. एरवी इंजिनाचे दोन सिलिंडर काम करतात. चढ लागला की त्यांतून सुटलेली वाफ वाया न जाता आणखी दोन सिलिंडरांत शिरते आणि दातेरी चाके फिरवते. इंजिन उताराच्या बाजूला राहून डबे वर ढकलते. सव्वाशे वर्षांपूर्वीची ही बुद्धी आजही कामाला येते, याचा मला फार अभिमान वाटतो.

स्वित्झर्लंडमधल्या विंटरटूरहून आलेली ती इंजिने थकली, तेव्हा रेल्वेने त्यांना केवळ संग्रहालयात पाठवून हात झटकले नाहीत. तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्यात याच शतकात त्याच 'एक्स' वर्गाची नवी वाफेची इंजिने बांधली. २००५ मध्ये मिळालेल्या युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या मानापेक्षाही मला हे काम मोठे वाटते, कारण त्यामुळे इंजिन बांधणारे, हाकणारे आणि दुरुस्त करणारे हात टिकले.

आमचा घाट त्या मानाने सोपा. चढ चाळीसास एक. दातेरी पट्टी इथे कधी लागलीच नाही, जादा इंजिन जोडून गाड्या कालाकुंडहून वर चढत. इंदूर ते खंडवा या रेल्वेसाठी इंदूरचे महाराज दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये साडेचार टक्के व्याजाने १०१ वर्षांसाठी दिले, वर जमीन मोफत दिली. खंडव्याला गाडी बदलून भुसावळकडे माहेरी-सासरी जाणाऱ्या इंदूरच्या मराठी घरांचा हाच रस्ता होता.

याच मार्गावरची महू–सनावद ब्रॉडगेज (रुंद रुळांची रेल्वे) आम्हाला हवीच आहे. मात्र त्या कामासाठी जुना मार्ग बंद झाल्यापासून हा तुकडा बाकीच्या मीटरगेजपासून तुटला आहे. निलगिरीचा मार्गही असाच एकटा आहे. मेट्टुपालयमपर्यंत ब्रॉडगेज येते आणि तिथे मीटरगेज सुरू होते. तरी ती इंजिने चालतात, कारण कुन्नूरला त्यांची शेड आहे. आम्हालाही कालाकुंडला किंवा पातालपाणीला छोटी शेड द्यावी, मीटरगेजचे एक वाफेचे इंजिन दुरुस्त करून किंवा नवे बांधून द्यावे आणि इथल्या तरुणांना कुन्नूरला शिकायला पाठवावे. महू-खंडव्याकडे वाफेच्या इंजिनांवर काम केलेले जे ड्रायव्हर, फायरमन, फिटर आज हयात आहेत, त्यांना या कामी आधी बोलवावे. इंजिन उशिरा आले तरी चालेल, या माणसांना विचारायला मात्र उशीर करू नये.

आपला,
इंदूरचा एक रहिवासी