पायऱ्यांवरचं कोर्ट

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

आई, हे पत्र बाबांना मोठ्याने वाचून दाखव. त्यांना हल्ली अक्षरं धूसर दिसतात. फोनवर बोलायला गेलं तर तुम्ही दोघं दोन मिनिटांत 'जा, अभ्यास कर' म्हणून फोन ठेवता, म्हणून लिहायलाच बसले.

गुरुवारपासून पेपर सुरू. पाच पेपर, प्रत्येकी तीन तास, मध्ये एक-दोन दिवसांची सुट्टी. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मंगळवारी, आणि माझा टॉर्टचा पेपरही नेमका त्याच दिवशी. 'तारीख पुढे घेऊ का?' असं बाबांनी विचारलं तेव्हा मी लगेच नको म्हटलं. पण फोन ठेवल्यावर बराच वेळ तशीच बसून होते.

बाबा, टॉर्ट म्हणजे काय ते तुम्ही मागे विचारलं होतंत. दोघांत करार वगैरे काही झालेला नसतो, तरी एकाच्या चुकीने दुसऱ्याचं नुकसान होतं. मग भरपाई कोणी द्यायची आणि का, याचा हा कायदा. मागच्या सत्रात मी याच पेपरात नापास झाले, आणि का ते तुम्हाला तेव्हा धड सांगितलंही नाही. केसेस सगळ्या पाठ होत्या. नावं, सालं, निकाल, सगळं. पण पेपरात निकाल विचारतच नाहीत. एक गोष्ट देतात: एकाने जिना अर्धवट दुरुस्त केला, दुसऱ्याने दिवा लावला नाही, तिसरी बाई पडली. आता तिला सल्ला द्या. मुद्दा काय, नियम कोणता, तो या माणसांना कसा लागू होतो, समोरची बाजू काय म्हणेल, हे सगळं मांडायचं असतं. मी पाठ केलेलं पानभर लिहिलं, आणि जिन्यावरून पडलेल्या त्या बाईबद्दल चार ओळीही लिहिल्या नाहीत.

या वेळी मला त्यातून बाहेर काढलं ते आमच्या पायऱ्यांवरच्या कोर्टाने. परीक्षेपुरती लायब्ररी रात्री दोनपर्यंत उघडी असते. साडेदहाला सगळे पाय मोकळे करायला बाहेर येतात. मूट कोर्टाच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सरावाच्या खटल्यांच्या, स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत गेलेली एक सीनियर आहे, तिने तिथेच हा खेळ सुरू केला. एक जुनी केस घ्यायची आणि जी बाजू हरली तिच्या वतीने बोलायचं. हातात कागद नाही. पायऱ्यांवर बसलेल्यांपैकी एक जण न्यायाधीश, तो मध्येच काहीही विचारू शकतो. पहिल्या दिवशी सहा जण होतो, आता पायऱ्या पुरत नाहीत.

रविवारी माझ्या वाट्याला डोनोग्यू विरुद्ध स्टीव्हन्सन आली. आई, ही गोष्ट तुलाही आवडेल. 26 ऑगस्ट 1928, स्कॉटलंडमधलं पेस्ली गाव. मे डोनोग्यू नावाच्या बाई कॅफेत बसल्या होत्या. मैत्रिणीने त्यांच्यासाठी जिंजर बिअर मागवली. बाटली गडद काचेची, आतलं काही दिसेना. त्यांनी थोडं प्यायलं, मैत्रिणीने उरलेलं ओतलं आणि त्यातून कुजलेली गोगलगाय बाहेर आली. डोनोग्यूबाई आजारी पडल्या. पैसे मैत्रिणीने दिलेले, म्हणजे यांचा कॅफेवाल्याशी करार नाही, आणि बाटली भरणाऱ्या स्टीव्हन्सनशी तर नाहीच. तरी त्यांनी स्टीव्हन्सनवर दावा लावला. हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च कोर्टापर्यंत, अपील नेताना त्यांना शपथेवर लिहून द्यावं लागलं, की अंगावरचे कपडे आणि हा दावा सोडला तर माझ्याकडे पाच पौंडांचीही मालमत्ता नाही. ती ओळ मी मूळ कागदात वाचली आणि पुस्तक मिटून ठेवलं. गेल्या वर्षी माझ्यासाठी डोनोग्यू म्हणजे नुसतं निकालाचं 1932 साल होतं.

मी बाटलीवाल्याच्या बाजूने उभी राहिले. त्या खटल्यातले एक न्यायाधीश लॉर्ड बकमास्टर यांनी विरोधी मतात जे विचारलं तेच मी विचारलं: जबाबदारी एक पाऊल पुढे नेलीत, तर मग पन्नास पावलं का नाही? जमतही होतं. तेवढ्यात न्यायाधीश झालेला पहिल्या वर्षाचा मुलगा म्हणाला, "मग त्या बाईंनी दाद मागायची कुणाकडे?" मला उत्तर सुचेना. पायऱ्यांवर सगळे शांत. त्या क्षणी मला बाईंच्या बाजूने निकाल देणारे न्यायाधीश लॉर्ड अॅटकिन कळले.

निकाल तीन विरुद्ध दोन असा बाईंच्या बाजूने लागला. अॅटकिन म्हणाले, आपल्या शेजाऱ्याला इजा होणार नाही एवढी काळजी प्रत्येकाने घ्यायची. आणि कायद्याच्या नजरेत शेजारी कोण? माझ्या कृतीची झळ ज्याला इतकी थेट बसते, की ती करताना तो माझ्या मनात असायलाच हवा, तो. त्याचं घर कुठेही असो. (गोगलगाय खरोखर होती का, हे मात्र कोर्टात कधी सिद्धच झालं नाही. लॉर्ड्सनी ठरवलं ते एवढंच, की हे खरं असेल तर दावा चालेल. पुढे स्टीव्हन्सन वारले आणि तडजोड झाली.)

खोलीवर परत येताना तुम्हीच डोळ्यांपुढे होतात. मंगळवारी बाबांना गाडीतून नेणार, बाहेर बाकावर बसून राहणार ते शेजारचे काका. तिथे खरं तर मी असायला हवी होते. काकांना माझा नमस्कार सांगा. आल्यावर मी स्वतः जाऊन भेटेन.

इकडची आणखी एक बातमी म्हणजे, जुन्या लॉ रिपोर्ट्सच्या खालच्या कप्प्यात मांजर व्यायली आहे. तीन पिल्लं. ग्रंथपालांनी समोर खुर्ची आडवी लावली आहे, आणि कुणाला तिथला खंड हवा असेल तर ते स्वतः वाकून, हळूच काढून देतात. अभ्यासाचा कंटाळा आला की आम्ही पाळीपाळीने बघून येतो.

आई, ऑपरेशननंतर थेंब घालताना आधी हात धू. दोन वेगळे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ दे. बाबा, डोळा अजिबात चोळायचा नाही. माझा पेपर एकला सुटतो. फोन हॉलबाहेर जमा असतो, तो हातात आला की पहिला फोन तुम्हालाच. आई, तेव्हा फोन जवळ ठेव.

शेवटचा पेपर शनिवारी. त्याच रात्री निघते.

बाबांची पट्टी निघाली आणि डॉक्टरांनी परवानगी दिली की हे पत्र त्यांच्याच हातात दे. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे.

तुमची लेक