विमानात मेसेज चालेल, बोलणं नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

देशांतर्गत विमानांत इंटरनेट मिळू लागल्याच्या बातम्या आपल्या अंकात अधूनमधून येतात. त्या वाचून घरातली तरुण मंडळी खूश होतात, मी मात्र धास्तावते. मी १९७८ साली मुंबईत टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागले. आधी परगावचे कॉल हाताने जोडून देणाऱ्या ट्रंक बोर्डवर, ट्रंकची सद्दी संपल्यावर लोकांना फोन नंबर शोधून देणाऱ्या १९७ चौकशीवर, शेवटची काही वर्षं बिलांच्या खिडकीवर. २०१८ साली निवृत्त झाले. लोकांचं फोनवरचं बोलणं कानावर घेण्याचा इतकी वर्षं पगार मिळाला. आता तेच काम तिकीट काढून करायची वेळ येऊ नये, म्हणून हे पत्र.

दिवाळीनंतर नागपूरहून नणंदेकडून परत येत होते. मधली सीट. खिडकीशी कॉलेजातली एक मुलगी कानात बोंडं घालून झोपलेली, आणि माझ्या अलीकडे पन्नाशीचे एक गृहस्थ. दार लागलं, विमान मागे ढकलायला सुरुवात झाली, तरी फोन त्यांच्या कानालाच. "हो, बसलो ना. विमान निघून राहिलं आता. तू त्या मोजणीवाल्याले सांग, बांध कुठं होता ते मी येऊन दाखवतो. आन् काकाले नको सांगू." एअर होस्टेस येऊन म्हणाली, "सर, फ्लाइट मोड प्लीज." गृहस्थांनी मान डोलावली आणि फोन मांडीवर पालथा घातला. पालथा घातलेला फोन म्हणजे बंद फोन, अशी आपल्याकडे एक समजूत आहे.

वर चढताना विमान जरा कलंडलं, तसा तो फोन मांडीवरून घसरला आणि दोन सीटांच्या फटीत गेला. गृहस्थ चाचपडू लागले. हात पोचेना, म्हणून त्यांनी सीट मागे करायचं बटण दाबायला घेतलं. पुढे बसलेली ती एअर होस्टेस कुणीतरी घंटी वाजवल्यामुळे वळून बघत होती. ती जवळजवळ ओरडलीच, "सर, सीट हलवू नका!" अख्ख्या प्रवासात तिचा आवाज चढला तो एवढाच. पट्टे सोडायची खूण झाल्यावर तिने येऊन गृहस्थांना उठवलं, उशी काढली आणि मनगटापर्यंत हात घालून फोन बाहेर काढून दिला. पाणी घेऊन आली तेव्हा मी विचारलं, एवढं काय होतं त्यात? म्हणाली, "आजी, सीटच्या लोखंडात फोन चिरडला तर बॅटरी पेटते." पॉवर बँक खाली सामानात न टाकता हातात ठेवायला लावतात तेही त्यासाठीच. बॅटरी पेटलीच तर ती डोळ्यांसमोर पेटावी, म्हणजे विझवता तरी येते.

हे त्या गृहस्थांना कुणी सांगितलं नव्हतं. मलाही नव्हतं. मी वर्षातून तीन-चार वेळा विमानाने जाते, प्रत्येक वेळी दोन भाषांत सूचना ऐकते, पण "का" ते मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

मुंबई जवळ आली, विमान खाली आलं, घाटकोपर-कुर्ल्याचे पत्रे आणि त्यांवरच्या निळ्या ताडपत्र्या दिसायला लागल्या, आणि मांडीवरचा फोन टिंग टिंग करत जागा झाला. म्हणजे फ्लाइट मोड कधी झालाच नव्हता. चाकं टेकायच्या आधी गृहस्थ बोलतही होते. "अजून टेकलं नाही, पत्रे दिसून राहिले खालचे. हां, बोल. काय? काकाले कोणी सांगितलं?" मग काकांबद्दल जे काही ऐकलं ते मी इथे लिहिणार नाही. ट्रंक बोर्डवरची सवय आहे. लाइन लागली की नाही ते ऐकायचं, काय बोलले ते विसरायचं. एक मात्र खरं, आम्ही विसरायला बांधलेले होतो. विमानातले १८० प्रवासी कशाला बांधलेले आहेत?

आता मूळ मुद्द्यावर येते. विमानात फोन का नको, असं कुणालाही विचारा, उत्तर येतं की लहरींमुळे विमान पडेल. आमच्या खात्यातले ट्रान्समिशनचे लोक यावर हसत. खरी गोष्ट अशी, की मोबाइलचे टॉवर जमिनीवरच्या माणसासाठी असतात, त्यांची तोंडं किंचित खाली कललेली असतात. एक टॉवर आपल्या वाडीपुरता बघतो, दुसरा पलीकडच्या. आकाशातला फोन मात्र एकदम कितीतरी टॉवरना दिसतो आणि सगळ्यांच्याच कामात लुडबुड करतो. म्हणून अमेरिकेत १९९१ साली उडत्या विमानातून मोबाइल वापरायला मनाई झाली, ती विमान खात्याने नव्हे तर तिथल्या दूरसंचार आयोगाने केली. विमानाच्या बाजूने काहीच कारण नव्हतं असं नाही. जुने फोन वाजण्याआधी रेडिओत टिर्रटिर्र आवाज यायचा तो आठवत असेल, तसलाच वैमानिकाच्या हेडफोनमध्ये येऊ शकतो, आणि उतरताना कंट्रोल टॉवरचा एक आकडाही चुकीचा ऐकू येणं परवडत नाही. म्हणून काळजी घ्यायची. पण फ्लाइट मोडवरचा फोन पूर्ण प्रवासभर वापरायची परवानगी आपल्या डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या महासंचालनालयाने, एप्रिल २०१४ मध्येच दिली. २०२२च्या जानेवारीत एअर इंडियाने अमेरिकेची काही उड्डाणं रद्द केली, तेव्हाही भीती होती ती विमानतळांजवळच्या ५जी टॉवरमुळे विमानाचं उंची मोजणारं यंत्र गोंधळेल याची. प्रवाशाच्या खिशातल्या फोनची ती भानगड नव्हती.

हे सगळं सांगायचं कारण असं, की लहरींची भीती आता झपाट्याने निकालात निघते आहे. विमानातच छोटा टॉवर बसवला आणि तो उपग्रहाला जोडला की प्रवाशांचे फोन अगदी कमी शक्तीवर चालतात, खालच्या टॉवरना पत्ताही लागत नाही. एमिरेट्सच्या विमानात असा पहिला अधिकृत कॉल झाला त्याला २००८ पासून किती वर्षं झाली मोजा. आपल्याकडे डिसेंबर २०१८ मध्ये विमान आणि जहाजांतल्या मोबाइल सेवेचे नियम आले. त्यात ३,००० मीटर उंचीच्या वर ही सेवा देता येते. आणि नीट वाचलं तर त्यात फक्त इंटरनेट नाही, बोलणंही आहे. म्हणजे उद्या एखाद्या कंपनीने ठरवलं तर नागपूर ते मुंबई सव्वा तास काकांची मोजणी ऐकायला कायद्याची आडकाठी नाही. आजवर आपले कान जे वाचले ते लहरींच्या भीतीमुळे. ती भीती गेली की शेजाऱ्याच्या कानांसाठी एकही नियम उरत नाही, कारण त्याच्या नावाने आपण नियम कधी केलाच नाही.

विमानात बोलणारा माणूस हळू का बोलू शकत नाही, हे मात्र मी अधिकाराने सांगते. आपल्या घरी काळा फोन होता, आठवतो? त्यात बोललं की आपलाच आवाज बारीकसा आपल्या कानात परत यायचा. त्याला साइडटोन म्हणतात. तो मुद्दाम ठेवलेला असायचा. जास्त झाला तर माणूस पुटपुटायला लागतो, कमी झाला तर ओरडायला लागतो, आणि अजिबात नसला तर लाइन मेली असं समजून हॅलो हॅलो करतो. ट्रंक लाइनवर सावंतवाडीशी बोलणारा माणूस असा ओरडायचा, की तारेशिवायच आवाज पोचला असता. मी मध्ये जाऊन सांगायची, "हळू बोला, पलीकडे ऐकू येतंय," तरी पुढचं वाक्य त्याच पट्टीत. मोबाइलमध्ये साइडटोन आधीच कमी. त्यात विमानाच्या केबिनमधली घरघर ८० डेसिबलच्या आसपास, म्हणजे स्वतःचा आवाज स्वतःला ऐकूच येत नाही. गोंगाटात माणूस आपोआप आवाज चढवतो, त्याला तो चढल्याचं कळतही नाही. म्हणजे "हळू बोला" ही विनंती विमानात पाळता येण्यासारखीच नाही. नागपूरच्या गृहस्थांचा स्वभाव मला वाईट वाटला नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेवढ्याच जोरात बोलले असते.

आमच्याकडे ट्रंक कॉलला निदान तीन मिनिटांनी मध्ये जाऊन "थ्री मिनिट्स ओव्हर" म्हणायची सोय होती.

कानात बोंडं घाला, असं माझा भाचा म्हणतो. एक तर मला त्या बोंडांनी कान दुखतो. दुसरं म्हणजे, तुम्ही ओरडणार आणि कान मी झाकायचे, हा कुठला न्याय? बेस्टने एप्रिल २०२३ मध्ये बसमध्ये हेडफोनशिवाय व्हिडिओ लावायला आणि फोनवर मोठ्याने बोलायला मनाई केली. सगळेच ती पाळतात असं नाही, पण ३३९ नंबरच्या बसमध्ये मी एकदा कंडक्टरला नुसतं पाटीकडे बोट दाखवताना पाहिलं, आणि त्या मुलाने रील बंद केलं. पाटी होती म्हणून कंडक्टरला भांडावं लागलं नाही. एअर होस्टेसच्या हातात अशी पाटी नाही. (लोकलमधल्या भजनी मंडळांना मी यात धरत नाही. तिथे निदान टाळ तालात वाजतात.)

अडीअडचणीला फोन हवाच, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. २०१६ मध्ये माझे मिस्टर ऑपरेशन थिएटरात होते आणि मुलगी बंगळुरूहून विमानात बसली होती. पावणेदोन तास तिला काही कळायची सोय नव्हती. उतरल्यावर सामानाच्या पट्ट्याशी उभी राहून तिने फोन केला, आणि मी सांगितलं की बाबा शुद्धीवर आहेत, तर ती तिथेच खाली बसली. तेव्हा मेसेजची सोय असती तर हेच तीन शब्द तिला ढगांत असताना मिळाले असते. मेसेज आलाच पाहिजे, त्याला माझी काहीच हरकत नाही. पण तेच तीन शब्द ऐकवण्यासाठी मी फोन केला असता तर ती रडली असती, आणि पूर्ण विमानाला आमच्या घरातलं कळलं असतं. ते तिलाही नको होतं.

अमेरिकेत दूरसंचार आयोगाने २०१३ साली जुनी बंदी सैल करायचा प्रस्ताव आणला होता. वैमानिक आणि केबिन कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी कडाडून विरोध केला आणि २०२० मध्ये तो प्रस्ताव मागे घेतला गेला. आपल्याकडे सेवा अजून मोजक्याच विमानांत आहे, म्हणून आताच सोपं आहे. विमानात आवाजी कॉल आणि व्हिडिओ कॉल नाही, एवढा एक नियम विमान खात्याने लिहून काढावा आणि त्यात लहरींचं नाव घेऊ नये. शेजारच्याला त्रास होतो म्हणून नको, असंच सरळ लिहावं. घोषणेतही तसंच सांगावं, आणि त्याच दमात फोन सीटमध्ये पडला तर सीट का हलवायची नाही तेही एका वाक्यात मराठीत सांगावं. पट्ट्याचं बक्कल कसं लावायचं हे आता बहुतेकांना येतं, त्यातले चार शब्द कमी केले तरी वेळ निघेल.

मी पार्ल्यात राहते. विमानं आमच्या डोक्यावरूनच जातात, त्यांच्या वाटेमुळे उंचीचं बंधन येऊन आमच्या इमारतीचा पुनर्विकासही अडकला आहे. तो विषय निराळा, त्यावर स्वतंत्र पत्र लिहीन. पण विमानाचा आवाज मला खपतो. दुपारी झोप लागते त्या आवाजात.

पत्र छापल्यास माझं नाव देऊ नये ही विनंती. नागपूरचे ते गृहस्थ कदाचित आपलं वर्तमानपत्र वाचत असतील, आणि वरच्या कप्प्यातली संत्र्यांची जड पिशवी मला त्यांनीच उतरवून दिली होती.

आपली,
एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर
विलेपार्ले (पूर्व), मुंबई