स्प्रिंट दोन आठवड्यांचा, बोर्ड कधी येणार?

मा. संपादक,

पुण्यात आता गाड्यांच्या ईसीयूचं (गाडीतल्या छोट्या कंट्रोल कॉम्प्युटरचं) फर्मवेअर, म्हणजे थेट हार्डवेअरवर चालणारा कोड, लिहिणाऱ्या टीम्सनाही अजाइल (काम छोट्या ठरावीक टप्प्यांत, म्हणजे स्प्रिंटमध्ये, करायची पद्धत) लावायची घाई सुरू झालीये, त्याबद्दल लिहितोय. २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटामध्ये १७ जणांनी अजाइलचा जाहीरनामा लिहिला तो सॉफ्टवेअरसाठी, आमच्याकडे मात्र कोडच्या खाली इलेक्ट्रॉनिक सर्किटचा बोर्ड (पीसीबी) असतो आणि त्यात एक चूक निघाली की नवीन बोर्ड बनून, पार्ट्स बसून हातात येईपर्यंत दोन-तीन स्प्रिंट सहज उडतात. मग स्टँडअपला, म्हणजे टीमच्या छोट्या मीटिंगला, रोज तेच, "बोर्डची वाट बघतोय". मॅनेजर लोक कामांची तिकिटं इकडची तिकडे सरकवतात आणि म्हणे झालो अजाइल!

पण म्हणून जमतच नाही असं नाही हां. हार्डवेअरशी बोलणारा कोड वेगळ्या लेयरमध्ये ठेवला तर बाकीचं लॉजिक साध्या पीसीवर टेस्ट होतं, बोर्ड नसला तरी. रोज रात्री बिल्ड आणि हार्डवेअर-इन-लूप रिगवर (खऱ्या बोर्डला गाडीचे नकली सिग्नल देऊन तपासणाऱ्या सेटअपवर) आपोआप टेस्ट, खरा फायदा यात आहे. आयएसओ २६२६२ ची (गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या सुरक्षिततेच्या मानकाची) कागदपत्रं तर लागणारच, ब्रेकच्या कोडला "डॉक्युमेंटेशन नंतर बघू" चालत नाही, पण तीही दर स्प्रिंटला थोडी थोडी लिहिता येतात की, शेवटच्या महिन्यात रात्री जागून कशाला.

कंपन्या अजाइलच्या सर्टिफिकेशन कोर्सवर मात्र बिनधास्त खर्च करतात, आणि रिगचं बजेट मागितलं की पुढच्या क्वार्टरला बघू. तेवढं आधी मंजूर करा, स्क्रम मास्टर (टीममध्ये अजाइल राबवणारा माणूस) नंतर नेमला तरी चालेल.

— एक फर्मवेअर इंजिनिअर, पुणे