पत्रांचा अल्बम आला, पण पत्रंच नाहीत

नमस्कार,

ऑर्डर नंबर सब्जेक्टमध्ये टाकलाय. हा माझा चौथा मेल. आधीच्या तिन्हींना शब्दन्‌शब्द एकच उत्तर आलं, की गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, बुकलेट आता डिजिटल स्वरूपात उपलब्ध आहे. म्हणून यावेळी सविस्तर लिहितेय, कारण नेमकं काय राहिलंय हे तुमच्याकडे कोणी उघडून बघितलंय असं मला वाटत नाही.

मी एलपीची स्पेशल एडिशन प्री-ऑर्डर केली होती. तुमच्या पेजवर स्पष्ट लिहिलेलं की सोबत गायिकेच्या हस्ताक्षरातली दहा पत्रं असतील, प्रत्येक गाण्याचं एक, वेगवेगळ्या कागदावर छापलेली, घडी घातलेली. चार महिने थांबले. बॉक्स आला तर आत रेकॉर्ड आणि पत्रांच्या जागी एक छोटं कार्ड, त्यावर क्यूआर कोड. स्कॅन केला तर आधी अकाउंट बनवा म्हणे, बनवलं, तर आत दहाही गाण्यांचे शब्द टाइप करून एकाखाली एक टाकलेले, सगळीकडे तोच फॉन्ट.

तुम्ही म्हणाल शब्द मिळाले ना. नाही मिळाले, तेच तर सांगतेय.

चौथं गाणं ऐका. दुसऱ्या कडव्यात तीन ठिकाणी ती शब्द म्हणतच नाही, नुसती गुणगुणते आणि गिटार चालू राहते. मला आधी वाटलं चालच तशी असेल. मग माझ्या मैत्रिणीकडे पहिल्या लॉटमधला बॉक्स आलाय (तिला पत्रं मिळालीत, म्हणजे तुम्ही ती छापलीत हे नक्की), तिच्याकडे बसून पत्र समोर ठेवून ऐकलं तेव्हा कळलं की ते तीन शब्द पत्रात खोडलेले आहेत. पत्र लिहिताना आपण काहीतरी लिहून जातो, मग नको वाटतं, खोडतो, पण शाईचं खोडलेलं पूर्ण जात नाही आणि वाचणारा हमखास कागद उजेडाला धरून बघतो काय होतं ते. मीही तेच केलं. एक शब्द लागला, दोन नाही लागले, आणि तो एक लागल्यावर पुढचं अख्खं कडवं मला वेगळंच ऐकू यायला लागलं. तुमच्या टाइप केलेल्या पानावर त्या जागी काहीच नाही, सरळ पुढचा शब्द. खाडाखोडच काढून टाकलीत तर त्या गाण्यात उरलं काय?

सातव्या गाण्याचंही तेच. 1840 च्या आधी ब्रिटनमध्ये टपालखर्च कागद किती आणि अंतर किती यावरून ठरायचा, आणि बहुतेकदा तो पत्र घेणाऱ्यालाच भरावा लागायचा. पाकीटसुद्धा एक कागद म्हणून मोजलं जायचं. म्हणून लोक कागद भरला की तो आडवा फिरवून लिहिलेल्या ओळींवरूनच पुन्हा लिहायचे, आणि 1840 मध्ये एक पेनीचा सरसकट दर आल्यावरही ही सवय बरीच वर्षं टिकली. या गाण्यात तिने तिचाच आवाज दोनदा घेतलाय, दोन वेगळी पत्रं एकाच वेळी, एकावर एक. नुसतं ऐकलं तर काही हाती लागत नाही. मैत्रिणीकडे कागद उभा धरून ऐकलं तर एक आवाज सुटा झाला, आडवा केला तर दुसरा, अंगावर काटा आला माझ्या. तुमच्या पानावर ती दोन पत्रं एकाखाली एक आहेत. ज्याने हे टाइप केलं त्याने गाणं ऐकलं नव्हतं बहुतेक.

रेकॉर्डबद्दल माझी काहीही तक्रार नाही, तेही सांगायला हवं. एका बाजूला वीस-बावीस मिनिटांच्या वर गेलं की खाचा जवळजवळ येतात आणि आवाज दबतो, तुम्ही अठरा मिनिटांवर थांबलात, शेवटचं हळू गाणं रेकॉर्डच्या अगदी आतल्या भागात असूनही स्वच्छ वाजतं. ज्याने हे प्रेसिंग केलंय त्याने मनापासून केलंय.

डाउनलोडमध्ये मात्र एक चूक आहे. एलपीवर शेवटचं पत्र 'तुझीच' म्हणून संपतं, मग बराच वेळ पूर्ण शांतता, आणि मग ता.क. येतो, जेमतेम चार ओळींचा. डाउनलोडमध्ये ती शांतता कापलीय, त्यामुळे ता.क. सहीला चिकटूनच सुरू होतो. ता.क. असा येत नाही हो. सही झालेली असते, पेन खाली ठेवलेलं असतं, आणि मग काहीतरी आठवतं.

मला रिफंड नकोय, तुम्ही मागच्या वेळी कूपन देऊ केलंत तेही नको. मला दहा छापील पत्रं हवीत, जी पेजवर लिहून विकलीत ती. स्टॉक नसेल तर पुन्हा छापा, मी अजून चार महिने थांबायला तयार आहे. निदान चौथं आणि सातवं तरी आधी पाठवा. डाउनलोडची फाइल नीट करून पुन्हा चढवा. आणि पेजवर अजूनही 'हस्ताक्षरातली पत्रं' असंच लिहिलेलं आहे, आज सकाळी बघितलं, ते आजच बदला म्हणजे पुढच्याची फसगत होणार नाही.

कृपया तोच ठरलेला मेल पाठवू नका. कोणीतरी ती दोन गाणी ऐकून उत्तर द्या. रेकॉर्ड मी परत करत नाहीये, ती रोज लागते.

तुमची ग्राहक