डबी उघडलीच नाही

प्रिय नंदू,

पोरांना कविता-गोष्टी शिकवण्यासाठी लिहिलेलं तुझं टिपण येऊन दोन महिने झाले आणि मी साधी पोचही दिली नाही. रागावला असशील, तुझा हक्कच आहे. टिपण त्याच रात्री वाचलं होतं. पहिल्या पानावरचा प्रतीकांचा तक्ता पाहिला आणि हात अडला. खोटं कौतुक लिहवेना, खरं लिहायला जीव होईना. काल अण्णांकडून कळलं की तू तेच पोरांना वाटणार आहेस, म्हणून आज बसलोच. तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच.

तो तक्ता काढून टाक. डोह म्हणजे मृत्यू, पक्षी म्हणजे स्वातंत्र्य, पाऊस म्हणजे दुःख. पेरणी करून आभाळाकडे बघत बसलेल्याला विचार की पाऊस म्हणजे दुःख का! पोरं तक्ता पाठ करतील, कवितेत डोह दिसला की 'मृत्यू' लिहून मोकळी होतील, आणि कविता वाचायची राहूनच जाईल.

तू बालकवींची 'औदुंबर' घेतलीयस, तर तीच बघ. आठच ओळी. पोरांना आधी फक्त रंग शोधायला सांग. हिरवाळी, निळासावळा, हिरवी, पांढरी, हिरव्या, काळ्या, काळिमा. हिरवा तीनदा येतो तो सहाव्या ओळीपर्यंत. त्या सहाव्या ओळीतच हिरव्या कुरणांमधून निघालेली वाट काळ्या डोहाकडे वळते, आणि पुढे हिरवा परत येत नाही. कविता इथे वळते, हे पोरांना स्वतःच्या पेन्सिलीने सापडलं पाहिजे. मग क्रियापदं. झरा वाहतो, वाट चालते, काळिमा पसरतो. शेवटी एकच जण 'बसला' आहे. घरं आहेत, शेतं आहेत, वाट आहे, पण माणूस एकही दिसत नाही, आणि माणसासारखे पाय मिळालेत ते त्या झाडाला. एवढं हाती आल्यावर मग विचार की औदुंबर कशाचं प्रतीक. उत्तरं दोन-तीन येतील, येऊ देत. प्रत्येकाला एकच अट घाल: 'गोड काळिमा' मधल्या 'गोड'चं काय करणार? डोह म्हणजे नुसता मृत्यू म्हणणारा तिथे अडतो. त्याने तो शब्द गाळून पुढे गेलेलं चालणार नाही.

इथे आपलं जुनं भांडण येणारच. बालकवी 1918 मध्ये रेल्वेखाली गेले, म्हणून डोहात त्यांचं मरण दिसतं, असं तू तेव्हाही म्हणायचास आणि टिपणात पुन्हा घातलंयस. अरे, ते मरण आपल्याला माहीत आहे, कवितेला नाही. चरित्र सांगायचंच तर वाचन पुरं झाल्यावर सांग. आधी सांगितलंस की पोरं तेच शोधत बसतात.

दुसरं, रूपक आणि प्रतीक तू एकाच वाटीत कालवलेस. चेहरा चंद्र आहे म्हटलं की ते रूपक. तिथे खरा चंद्र उगवलेला नसतो. प्रतीक आधी खरीखुरी वस्तू असते. फ्रेंच लेखक मोपासाँच्या 1884 च्या गोष्टीतला, नायिका मातिल्दने मैत्रिणीकडून मागून आणलेला तो हार गळ्यात घालता येतो, हरवतो, त्याचे पैसे भरावे लागतात, आणि एवढं सगळं होऊन तो आणखी काही सांगतो.

त्या गोष्टीखाली तू आशयसूत्र, म्हणजे गोष्टीचं मुख्य म्हणणं, लिहिलंयस 'लोभ'. लोभ हा विषय झाला. आशयसूत्राला पूर्ण वाक्य लागतं, क्रियापदासकट. 'लोभ करू नये' हेही नको, तो उपदेश झाला. कथा लोभाबद्दल काय दाखवते? आणि खरंच लोभाबद्दलच दाखवते का? हार हरवल्यावर नवरा मातिल्दला मैत्रिणीसाठी पत्र सांगतो आणि ती लिहिते: कडी तुटलीय, दुरुस्तीला दिलाय. डबीवरच्या नावावरून ते जवाहिऱ्याकडे जातात, तर तो म्हणतो हार माझा नव्हे, मी फक्त डबी दिली होती. हार खोटा असल्याची खूण तिथेच पडलेली असते, पण ते ती उचलत नाहीत. छत्तीस हजार फ्रँकचा नवा हार परत जातो आणि मैत्रीण डबी उघडूनही बघत नाही. दहा वर्षं कर्ज फेडल्यावर कळतं की मूळ हार फार तर पाचशेचा. नंदू, पहिल्या दिवशी एक खरं वाक्य बोललं असतं तर दहा वर्षं वाचली असती. 'लाज खरं बोलू देत नाही आणि त्या न बोलण्याची किंमत चुकीपेक्षा मोठी होते', असं वाक्य मांडलं तर पत्र, जवाहिरा आणि न उघडलेली डबी तिन्ही त्यात बसतात. 'लोभ' म्हटलं की तिन्ही बाहेर राहतात.

पोरांना प्रतीक तपासायला दोन कसोट्या दे. एक, वस्तू काढून बघा: हाराऐवजी तेवढ्याच पैशांची थैली हरवली असती तर? थैली खोटी निघत नाही, म्हणजे शेवटच कोसळतो. दोन, ती वस्तू कुठे कुठे येते आणि दर वेळी काय बदलतं ते लिहा. एकदाच येऊन गेलेल्या वस्तूला प्रतीक म्हणायची घाई नको. पडदा कधीकधी पडदाच असतो. उत्तरात कवितेतले तीन-चार शब्दच घ्यायचे, आणि त्यांवर स्वतःची निदान दोन वाक्यं. अख्खं कडवं उतरवून 'यातून दुःख दिसते' लिहिलं तर गुण देऊ नकोस. मोपासाँ आपण भाषांतरात वाचतो, तेव्हा तिथे शब्दाच्या नादावर काही टांगू नका, घटना आणि वस्तू धरा.

धाकटीचं बारावीचं कसं चाललंय? वहिनींची बदली थांबली का? आईंना नमस्कार सांग.

सुधारलेलं टिपण पाठव, या वेळी लगेच लिहीन. आणि मैत्रिणीने डबी का उघडली नसेल, ते पोरांना विचारून मला कळव.

तुझाच,
वसंता