रविवारी जुगाड काढायचे आहेत

सर्व सभासदांना नमस्कार.

घराघरांतले तात्पुरते जुगाड काढून पक्की दुरुस्ती करायला येत्या रविवारी सकाळी ९ वाजता प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन येणार आहेत. इंदूरला पाऊस जूनच्या उत्तरार्धात पोचतो, त्याआधी हे उरकायचंय. प्रत्येक घरातलं एक जण हजर हवंच.

मोठं दुखणं गिझरच्या लाइनचं. तिला सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा पाइपच लागतो. साधा पीव्हीसी गरम पाण्याने मऊ पडून वाकतो. जोडायचं सोल्यूशनही सीपीव्हीसीचंच हवं. मागच्या वर्षी मीही गळतीवर सायकलची ट्यूब गुंडाळून दोन महिने काढले. शेवटी खालच्या काकूंच्या छताला ओल आली, आणि त्यांचं बोलणं ऐकावं लागलं ते वेगळंच.

- फ्यूजमध्ये जाड तार घातली असेल तर इलेक्ट्रिशियनला दाखवा. स्वतः हात लावू नका. जास्त लोड आला तरी ती तार वितळत नाही, मग भिंतीतली वायर तापते.
- गच्चीच्या भेगांवर वरून नुसतं सिमेंट थापू नये. आधी भेग खरवडून साफ करायची, मग वॉटरप्रूफिंगचा मसाला.
- सामान सियागंजच्या बाजारातून एकदम आणू. आपली यादी शुक्रवार संध्याकाळपर्यंत माझ्याकडे द्या.

रविवारी ९ ते १ टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह बंद राहील. शनिवारी रात्रीच बादल्या भरून ठेवा.

– सचिव