'माड' परत मिळवून देणाऱ्या मुलीस

प्रिय बाय,

नाव कुठं लिहू नका असं तू बजावलं होतंस, म्हणून नुसतं बाय. पणजीत पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात ओळीने पाच शनिवार तू माझ्या शेजारी बसलीस. हे पत्र तुझंच आहे हे तुला लगेच कळेल.

त्या पहिल्या शनिवारी सत्तरी तालुक्यातून कदंबा बस धरून मी आले, ती रडकुंडीला येऊनच. पौषात आमच्याकडे बायका मांडावर, म्हणजे गावातल्या ठरलेल्या पवित्र जागी, धालो हे नाचगाणं गातात. ती गीतं मी तीन वर्षं लिहून घेत होते. लॅपटॉपवर 'धालो नवीन', 'धालो नवीन खरी', 'धालो शेवटची' अशा फाईली साठल्या होत्या. आदल्या रात्री पेनड्राईव्हवरची जुनी फाईल त्याच नावाच्या नव्या फाईलवर चिकटवली आणि केरीच्या आजीने सांगितलेली अकरा गीतं पुसली गेली. "काकी, काय झालं?" एवढंच तू विचारलंस. सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, ती आता परत मिळणार नाहीत. बाय, त्या सरळ उत्तराबद्दल आधी आभार. खोटा धीर दिला असतास, तर तुझं पुढचं मी मन लावून ऐकलं नसतं.

मग तू ती काळी खिडकी, म्हणजे हुकूम टाईप करून संगणक चालवायचा टर्मिनल, उघडायला लावलीस. पीडब्ल्यूडी म्हटल्यावर मला खड्ड्यांचे रस्ते आठवले. तू सांगितलंस, इथं त्याचा अर्थ 'मी आत्ता कुठं उभी आहे?' एलएस म्हणजे इथं काय काय आहे, सीडी म्हणजे त्या फोल्डरात जा, सीडीपुढे दोन टिंबं दिली की एक पायरी मागे. नावाची पहिली दोन अक्षरं लिहून टॅब दाबला की उरलेलं नाव आपोआप येतं, हेही त्याच दिवशी कळलं. फाईल उडवणाऱ्या आरएमपाशी मात्र तू मला थांबवलंस. "यानं उडवलेलं कचरापेटीत जात नाही, काकी. जातं ते कायमचं." म्हणून आधी तेच नाव एलएसला देऊन बघायचं, मग आरएमला. ती सवय अजून सुटलेली नाही.

या सगळ्यात तू एकदाही माझा कीबोर्ड ओढून घेतला नाहीस. सीडी आणि फोल्डरचं नाव मी जोडून लिहायची आणि 'कमांड नॉट फाउंड' यायचं. तू हात मांडीवर ठेवून म्हणायचीस, "पडद्यावर काय लिहिलंय ते वाचा." याआधी मला संगणक शिकवणाऱ्या प्रत्येकाने माऊस हातातून काढून घेतला होता. चूक वाचायला सांगणारी तू पहिली.

गिट, म्हणजे फाईलींतल्या बदलांचा इतिहास जपणारी प्रणाली, दुसऱ्या शनिवारी. गिट इनिटने माझं फोल्डर गिटच्या ताब्यात दिलं, काय बदललंय ते बघायला गिट स्टेटस दिलं आणि मी घाबरले. 'धालो' या नावाच्या जागी उलट्या तिरक्या रेघा आणि ३४०, २४४ असे आकडे आले होते. फाईल पुन्हा बिघडली असंच वाटलं. तू दाखवलंस की फाईल धड आहे, गिट फक्त देवनागरी नाव आकड्यांत छापतंय. कॉन्फिगमध्ये 'कोअर डॉट कोटपाथ' फॉल्स केलं आणि 'धालो' नीट दिसलं. मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगायला हवी. लॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या यादीत, अडकले तर क्यू दाबायचा, हेसुद्धा.

तू वर्ड फाईल सोडून साध्या टेक्स्ट फाईलीत लिहायला लावलंस, तेव्हा मला ते जाचक वाटलं होतं. नंतर कारण समजलं. गिट डिफ जुन्या-नव्यातला फरक ओळीओळीने पाहतं आणि गीतही ओळीओळीचंच असतं, त्यामुळे बदललेली ओळ लगेच नजरेत येते. माझ्या टिपणांचे लांबलचक परिच्छेद असतात, त्यांना शब्दाशब्दाने फरक दाखवणारं वर्ड-डिफ. लिनस टोरवाल्ड्सने २००५ साली लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्स या संगणक प्रणालीच्या गाभ्याच्या, कामासाठी गिट बनवलं असं तू सांगितलंस. ते सत्तरीच्या मांडावरच्या गीतांनाही इतकं चपखल बसावं, याचं मला अजून नवल वाटतं.

माझ्या पहिल्या कमिटचा, म्हणजे गिटमध्ये केलेल्या बदलाच्या नोंदीचा, संदेश होता 'बदल'. तू मान हलवलीस. "काय बदललं ते गिटला दिसतंच. का बदललं ते तुम्ही लिहा." अमेंड करून मी तो पुन्हा लिहिला.

पुढं आजीने त्या अकरांपैकी नऊ गीतं पुन्हा सांगितली. दोन तिला आठवेनात. नवातल्या एका ओळीत ती 'माड' म्हणाली आणि मी तसंच लिहून कमिट केलं. आठवड्याने वाटलं, धालोंत 'मांड'च असणार, माझी ऐकण्यात चूक झाली. अनुस्वार दिला आणि विसरून गेले. दोन महिन्यांनी आजीला वाचून दाखवलं तर ती मध्येच थांबवून म्हणाली, "माड गो, माड!" ओळ माडाविषयीच होती. घरी येऊन गिट लॉगला पी जोडून त्या फाईलीचा इतिहास काढला. तांबड्यात 'माड', हिरव्यात 'मांड', आणि वर माझाच संदेश: 'अनुस्वार दिला, ऐकण्यात चूक वाटते, आजीला विचारलेलं नाही.' हे शेवटचे तीन शब्द तुझ्या शिकवणीचे. ते वाचले आणि तसलाच संदेश असलेले आणखी चार बदल शोधून काढले. ते चारही आजीपुढे ठेवले. त्यातले दोन तिने मोडून काढले.

रेपो, म्हणजे या फाईलींचा इतिहासासकट साठा, प्रायव्हेट ठेवायचा तुझा सल्लाही पाळलाय. गाणाऱ्या बायकांचा होकार मिळेपर्यंत तो तसाच राहील. पुश, म्हणजे इंटरनेटवरच्या प्रतीत बदल पाठवणं, मात्र रोज रात्री करते, कारण कमिट नुसतं लॅपटॉपवर असेल तर लॅपटॉपबरोबरच जाईल, हे तू दोनदा सांगितलं होतंस.

आता शाळेतली माझी एक सहकारी माझ्याकडे शिकते. ती सीडी आणि नाव जोडून लिहिते. मी हात मांडीवर ठेवते.

पौषात धालो सुरू झाले की ये. आजी वाट बघतेय. तिला मी सांगितलंय, तुझा माड जिने परत आणला ती येणार आहे.

तुझी,
सत्तरीची काकी